बचावाच्या प्रशिक्षकांना आणखी एक हंगाम द्यावा का? (सोलापूर, महाविद्यालयीन कबड्डी, पुरुष)

जिमखाना_कपाट (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आमच्या कॉलेजच्या जिमखाना समितीची बैठक पंधरा दिवसांवर आली आहे आणि वादाचा विषय एकच आहे. बचावफळीसाठी मानधनावर घेतलेल्या सरांना तिसऱ्या हंगामासाठी ठेवायचं की निरोप द्यायचा? संघाचे मुख्य प्रशिक्षक वेगळे आहेत, चढाईचं काम त्यांच्याकडेच.

यंदा आंतरमहाविद्यालयीन आणि निमंत्रित धरून ६ सामने झाले, सगळे मॅटवर. २ जिंकले, ४ हरले. आमच्यावर एकूण २०३ गुण झाले. त्यांची फोड अशी: चढाईत गडी बाद होऊन ९८, बोनसचे (बोनस रेषा ओलांडल्याचे) ४१, आमचे चढाईपटू पकडले गेल्याचे ४६ आणि ९ लोणांचे १८ (सगळे गडी बाद झाले की लोण, त्याचे दोन जादा गुण). आमच्या बचावाने ११८ वेळा पकडीचा प्रयत्न केला, त्यातल्या ३८ यशस्वी. गेल्या वर्षी ५ सामन्यांत १०९ पैकी २९ होत्या, आणि तेव्हाही जिंकलेले सामने दोनच.

समितीत दोन तट आहेत. एकाचं म्हणणं, दोन वर्षं पुरे झाली. दुसऱ्याचं म्हणणं, मुलंच तशी मिळाली, त्याला सर काय करणार. आकडे बघून जाणकारांनी सांगावं. कॉलेजचं नाव विचारू नये.

गुणलेखक

आकडे ठेवलेत हेच निम्मं काम झालं. बहुतेक कॉलेजांत फक्त शेवटचा गुणफलक लक्षात राहतो.

पहिलं म्हणजे २०३ हा आकडा बचावाच्या सरांच्या नावावर टाकू नका. चढाईपटू पकडले गेल्याचे ४६ त्यांचे नाहीतच. उरले १५७. लोणाचे १८ दोघांचे मिळून धरा, कारण लोण नुसत्या कच्च्या बचावानं चढत नाही. आपला चढाईपटू गुण आणत नसेल तर बाहेर बसलेले गडी उठत नाहीत, सातावरून पाचावर, पाचावरून तिघांवर येतो आणि मग कोणीही उभा केला तरी लोण जातो.

दुसरं, पकडीचं यश गेल्या वर्षी २७ टक्के होतं, यंदा ३२. पराभव वाढले, पण सरांचं खातं सुधारलंय. फार नाही, पण सुधारलंय.

तिसरं जरा बोचरं आहे. ४० मिनिटांच्या सामन्यात दोन्ही संघांच्या मिळून ८०च्या आसपास चढाया होतात, म्हणजे समोरच्याच्या ४०. सहा सामन्यांत २४०. त्यात ११८ प्रयत्न, म्हणजे जवळपास दर दुसऱ्या चढाईला आपला कोणीतरी अंगावर गेलाय. त्यातले ८० फसले. फसलेली प्रत्येक पकड किमान एक गुण देते. म्हणजे ९८ पैकी ८० तरी गुण आपण स्वतः जाऊन दिलेत, समोरच्यानं हात लावून किंवा लाथ मारून नेलेले जेमतेम अठरा! बचाव दुबळा नाही, उतावळा आहे.

आता चार आकडे अजून द्या: पूर्वार्ध आणि उत्तरार्ध वेगळे, जागेप्रमाणे पकडी (कडेपासून मध्यापर्यंत कोपरा, इन, कव्हर, सेंटर), सलग दोन रिकाम्या चढायांनंतरच्या तिसऱ्या चढाईवरच्या पकडी, आणि तीन किंवा कमी गडी असताना काय झालं ते. अधिकृत गुणपत्रकात फसलेली पकड कोणाची ते कळत नाही, मोबाइलवरचं चित्रीकरण बघूनच मोजावं लागेल. पुढच्या वेळी मोबाइल बाजूला नको, अंतिम रेषेच्या मागे उंचावर लावा. बाजूनं घेतलं की जवळचा कोपरा अख्खी साखळी (हातात हात धरून उभे बचावपटू) झाकतो.

लोण_चढला

दोन वर्षं, अकरा सामने, चार विजय. अजून काय मोजायचं बे? प्रशिक्षक बदला. २७ चे ३२ झाले म्हणून पेढे वाटायचे काय?

जिमखाना_कपाट

गुणलेखक साहेब, दोन रात्री बसून चित्रीकरण पाहिलं. घ्या:

पूर्वार्धात ५७ प्रयत्न, २५ यशस्वी. उत्तरार्धात ६१ पैकी १३. नऊपैकी सात लोण उत्तरार्धातले.

डावा कोपरा ३४ पैकी ९. उजवा कोपरा २९ पैकी १३. दोन्ही कव्हर मिळून ४१ पैकी १२. इन आणि सेंटर मिळून १४ पैकी ४.

समोरच्याच्या तिसऱ्या चढाईवर ३६ प्रयत्न, १७ यशस्वी. बाकी ८२ पैकी २१.

तीन किंवा कमी गडी असताना २२ प्रयत्न, अव्वल पकडी फक्त २.

सराव कॉलेजच्या मातीच्या मैदानावर होतो. मॅट नाही. बदली खेळाडू कधी उतरवायचा आणि टाइमआउट कधी घ्यायचा हे मुख्य प्रशिक्षक ठरवतात. संघनिवडीच्या चाचणीला बचावाचे सर असतात, पण यादीवर सही मुख्य प्रशिक्षकांची.

निदानरेषा

आता बोलता येईल. तिसऱ्या चढाईवर ४७ टक्के आणि एरवी २६, हा फरक सगळ्यात महत्त्वाचा आहे. तिसऱ्या चढाईला समोरचा गुण न घेता परत गेला तर बादच, त्यामुळे तो आत येतो, आपली मुलं थांबतात आणि पकड बसते. म्हणजे पकडायचं कसं हे मुलांना येतं, पहिल्या दोन चढायांना सोडून द्यायचं कसं हे येत नाही. निदान रेषा, म्हणजे चढाईपटूला ओलांडावीच लागते ती रेषा, ओलांडून तो रिकामा परत गेला तर आपलं काय बिघडलं? उलट तिसरीला तोच आपल्या दारात येणार आहे.

कव्हरांचे ४१ पैकी १२ का, ते मीटरमध्ये बघा. मध्यरेषेपासून निदान रेषा ३.७५ मीटर, बोनस रेषा ४.७५, अंतिम रेषा ६.५०. सहा फुटी चढाईपटू आडवा पडून हात लांबवतो तेव्हा सव्वादोन मीटर सहज खातो. त्याला निदान रेषेवर धरलं तर त्याला फक्त दीड मीटर सरकायचंय. तेच बोनस रेषेवर धरलं तर अडीच. हा एक मीटर म्हणजेच पकड. तुमचे कव्हर निदान रेषेजवळच डॅश मारायला, म्हणजे अंगानं धक्का देऊन बाहेर काढायला, पुढे येत असणार, चित्रीकरणात तपासा. शिवाय डॅश लागला की झटापट सुरू झाली, राखीव क्षेत्र (दोन्ही कडांच्या पट्ट्या) खुलं झालं, म्हणजे बाहेर काढायला आणखी एक मीटर ढकलावं लागतं. अर्धवट धक्का बसला की गडी राखीव क्षेत्रातून धावत घरी!

डाव्या कोपऱ्याचं दुखणं वेगळं वाटतं. ३४ वेळा गेला, म्हणजे त्याला अंदाज आहे, पण धरलेला पाय सुटतोय. घोटा पकडीत बहुधा या तीन चुका होतात:

पहिली, वेळ. बोनससाठी पुढचा पाय रेषेपलीकडे टेकतो आणि मागचा पाय हवेत उचलावाच लागतो, त्याशिवाय बोनस नाही. त्या क्षणी तो एका पायावर असतो. कोपऱ्यानं तेव्हा निघायचं. पुढचा पाय टेकायच्या आधी निघाला तर ती हूल असते, तो पाय मागे घेतो आणि तुमचा गडी तोंडावर.

दुसरी, कमरेतून वाकून नुसते हात पुढे टाकणं. खांदा त्याच्या पोटरीला भिडला पाहिजे, दोन्ही हातांचा वेढा घोट्याच्या वर, हनुवटी छातीला, डोकं त्याच्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला. मग पाय आपल्याकडे ओढत वर उचलायचा. नुसत्या बोटांत धरलेला घोटा घामानं सुटतो.

तिसरी चूक त्याची नाहीच. एकटा कोपरा माणूस थांबवत नाही, दीड सेकंद लांबवतो. तेवढ्यात इन कमरेला आणि कव्हर मध्यरेषेच्या बाजूला आडवा आला नाही तर ती पकड कोपऱ्याच्या नावावर फसलेली दिसते, पण खरी चूक कव्हरची असते. ३४ पैकी २५ फसल्या त्यात अशा किती, ते मोजल्याशिवाय पोराला शिव्या घालू नका.

बोनसचे ४१ म्हणजे सामन्याला सात. हे मी फार मनावर घेणार नाही. सहा किंवा सात गडी आत असतानाच बोनस मिळतो, आणि काही प्रशिक्षक जाणूनबुजून एक गुण सोडतात, साखळी मोडू देत नाहीत. सरांना विचारा, ठरवून सोडला की सुटला. उत्तर देताना अडखळले तर सुटला.

तांबडीमाती

मॅट नाही हे वाक्य प्रश्नाच्या शेवटी नाही, सुरुवातीला यायला हवं होतं.

मातीवर घोट्याला झेपावलेला गडी घसरत पुढे जातो, अर्धा-पाऊण मीटर फुकटचा मिळतो. मॅटवर अंग टेकलं की तिथंच थांबतं आणि कोपर सोलतं. मातीवर वर्षभर सवय केलेला कोपरारक्षक मॅटवर हातभर कमी पडतो. चढाईपटूचं उलट होतं. बुटांना मॅट धरते, त्याचं वळणं झटक्यात होतं. म्हणजे एकच माणूस मातीवर पकडला जातो आणि मॅटवर निसटतो.

त्यात आपल्याकडची माती. खाली काळी असली की उन्हाळ्यात भेगा पडतात, वरून टाकलेली तांबडी त्यात जाते आणि मैदान दगडासारखं होतं. आदल्या संध्याकाळी पाणी मारून सकाळी फावड्यानं वरचा थर खरवडला तरच मुलं अंग टाकतात. शहरात नळालाच काही दिवसांआड पाणी, मैदानाला कोण देणार? मग पोरं गुडघे वाचवायला उभ्यानंच पकडायला शिकतात, आणि निदानरेषा यांनी सांगितलेली दुसरी चूक, कमरेतून वाकणं, तिथंच मुरते. सरांनी कितीही ओरडून सांगितलं तरी त्या जमिनीवर शहाणा मुलगा झेप घेणार नाही.

पूर्ण मैदानाला १३ बाय १० म्हणजे एक मीटरच्या १३० मॅट लागतात. समिती ऐकूनच उठून जाईल. पण कोपऱ्याच्या सरावाला सहा बाय चार, चोवीस मॅट पुरतात. बोनस रेषा आणि अंतिम रेषा खडूनं आखा, मधलं अंतर १.७५ मीटर. एवढ्यात घोटा, इनची साथ आणि कव्हरचं आडवं येणं सगळं बसतं. मॅट एकमेकांत नीट अडकवा आणि रोज सरावाआधी सांधे पायानं दाबून बघा, उघड्या फटीत बूट अडकला की गुडघा गेलाच.

लोण_चढला

मॅट नाही, पाणी नाही, माती वाईट. उद्या म्हणाल उजनीत पाणी कमी होतं म्हणून लोण चढला.

बाकीच्या कॉलेजांकडे कुठं मॅट आहे? तेही मातीवर सराव करून मॅटवरच खेळले. आणि पूर्वार्धात मॅट तीच होती ना? तिथं ४४ टक्के कसे जमले? उत्तरार्धात २१. मॅट मध्यंतराला बदलली काय? ही दमसासाची आणि तयारीची गोष्ट आहे. शिवाय तिघांचा बचाव बावीस प्रयत्नांत दोनदा जमला, म्हणजे त्याचा सरावच नाही. अव्वल पकडीचे दोन गुण मिळतात, सामना तिथं फिरतो. दोन वर्षांत तीन गड्यांची एक रचना बसवता येत नसेल तर मानधन कशाचं?

गुणलेखक

उत्तरार्धाचा मुद्दा बरोबर आहे, मान्य. फक्त तो कोणाच्या माथी मारायचा ते बघू. बदलीचा अधिकार बचावाच्या सरांकडे नाही. बारा जणांच्या संघात पाच राखीव असतात आणि पाच बदल करता येतात. जिमखाना_कपाट, सहा सामन्यांत उत्तरार्धात कोपरा किंवा कव्हर किती वेळा बदलला? प्रत्येक डावात तीस सेकंदांचे दोन टाइमआउट असतात, त्यातले लोण चढायच्या आधी किती घेतले आणि नंतर किती?

जिमखाना_कपाट

कोपरा एकदाही बदलला नाही. कव्हर दोनदा, दोन्ही वेळा दुखापतीमुळे. टाइमआउट उत्तरार्धात एकूण सात घेतले, त्यातले पाच लोण चढल्यावर.

गुणलेखक

मग समितीत बोलावायचं असेल तर दोघांना बोलवा. लोण चढल्यावर टाइमआउट घेणं म्हणजे गाडी सुटल्यावर स्टेशनवर पोचणं. आत चौघे राहिले की घ्यायचा, तीस सेकंदांत एवढंच सांगायचं की आता कोणी एकटा जायचं नाही.

होममैदान_कट्टा

पुणेरी पलटणचं उदाहरण बघा की. प्रो कबड्डीच्या नवव्या मोसमात उपविजेते, तोच प्रशिक्षक ठेवला, दहाव्यात मार्च २०२४ मध्ये हरियाणाला २८-२५ हरवून विजेते. धीर धरला म्हणून मिळालं.

लोण_चढला

आणि अकराव्या मोसमात तेच प्रशिक्षक, बी. सी. रमेशच होते, तर पलटण बाद फेरीतसुद्धा नव्हती. तेही सांगा की. शिवाय तिथं लिलावात शादलुईसारखा डावा कोपरा विकत मिळतो. इथं जून-जुलैत प्रवेश घ्यायला जो येईल तो डावा कोपरा.

निदानरेषा

लोण_चढला यांच्या या शेवटच्या वाक्याशी सहमत, आणि म्हणूनच मी सरांच्या बाजूनं झुकतो. पोरं दरवर्षी बदलतात, एक तिसऱ्या वर्षाला जातो, एक नोकरीला लागतो. साखळीला तर ओळख लागते. (साखळी म्हणजे हातात हात, साखळी सामने नव्हेत.) २-३-२ च्या रचनेत कोपरा आणि इन ही जोडी एकमेकांचा श्वास ओळखेपर्यंत आठ-दहा आठवडे जातात. २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत इराणनं उपांत्य फेरीत भारताला २७-१८ हरवलं, अठरा गुणांवर रोखलं. इतक्या चढाईपटूंना असं रोखणं वर्षानुवर्षं एकत्र उभं राहिल्याशिवाय होत नाही.

पण झुकतो म्हणजे डोळे मिटून नाही. बैठक पंधरा दिवसांवर आहे ना? त्याआधी सरांना बारा दिवस द्या आणि तीन गोष्टी बघा. कोणीतरी वही घेऊन बसा.

एक, घोटा. एक चढाईपटू, एक कोपरारक्षक, दहाच्या तीन फेऱ्या. दर चार-पाच वेळांत एकदा चढाईपटूनं नुसती हूल द्यायची. हुलीवर कोपरा निघाला तर ती फसलेली धरा, पाय हातात आला तरी. पहिल्या दिवशीचा आणि बाराव्या दिवशीचा आकडा ठेवा.

दोन, तिघांचा बचाव. तीस सेकंदांची शिट्टी, बारा चढाया. तिघे असताना कोपरे रुंद उभे राहिले की मधला उघडा पडतो, त्यामुळे दोघांची साखळी आणि एक मोकळा अशी मांडणी हवी. मोकळा गडी चढाईपटूच्या मजबूत बाजूला ठेवायचा, त्यानं स्वतः पकड न सुरू करता त्याला साखळीकडे हाकायचं. सर हे बसवतात की तिघांना ‘जोर लावा, जोर लावा’ म्हणत बसतात, ते दोन दिवसांत कळेल. बारात चार-पाच पकडी आल्या तरी मी समाधानी.

तीन, सोडून देणं. सातही गडी आत, सलग तीन चढाया. पहिल्या दोनमध्ये चढाईपटू बोनस रेषेपर्यंत न येता कोणी अंगावर गेला तर त्यानं बाहेर बसायचं, पुढच्या सहा चढाया. हा सराव मुलांना अजिबात आवडत नाही.

आणि हे सगळं सहाच्या आत सुरू करून साडेसातला संपवा. एप्रिलमध्ये सोलापुरात आठनंतर घेतलेला सराव म्हणजे फक्त घाम. दमसासाचं खरं काम तर मुलं थकल्यावर पकडी घेण्यात आहे. शेवटची पंधरा मिनिटं आधी मैदानाच्या दहा फेऱ्या आणि मग लगेच तिघांचा बचाव. उत्तरार्धाचे २१ टक्के तिथं सुधारतील.

तांबडीमाती

सकाळी सहा म्हणजे मोहोळ, अक्कलकोटहून येणारी पोरं कशी पोचणार? पहिली एसटी पकडली तरी सात वाजतात. बाहेरगावची मुलं किती आहेत ते आधी बघा, नाहीतर डावा कोपराच गैरहजर आणि ठपका सरांवर.

जिमखाना_कपाट

डावा कोपरा आणि एक कव्हर मोहोळचे. दोघांची हॉस्टेलवर बारा दिवसांची सोय होईल, रेक्टरांशी बोललो.

चोवीस मॅट विकत घेण्याला खजिनदार तयार नाहीत, पण एका तालमीकडून महिन्यापुरत्या मागता येतील असं दिसतंय. कुस्तीच्या मॅट चालतील का?

तांबडीमाती

नाही. कुस्तीची मॅट जाड आणि मऊ असते, वरून एकसंध कव्हर, बूट रुततो. घोटा मुरगळतो आणि झेपेचं अंतरही चुकीचं शिकलं जातं. त्यापेक्षा पाणी मारलेली माती बरी. कबड्डीच्याच जोडायच्या मॅट कुठल्या शाळेत किंवा मंडळाकडे पडून असतील, त्या बघा. आणताना कडेचे तुकडे मोजून घ्या, ते नेहमी हरवलेले असतात.

लोण_चढला

बारा दिवसांचं बघू म्हणता तर बघू. माझं मत तेच आहे, पण तिघांच्या बचावात बारापैकी पाच आले तर इथं येऊन लिहीन. चढाईपटू मात्र तुमचा नेहमीचा दुसरा-तिसरा नको, पहिला उभा करा. आणि वही मुख्य प्रशिक्षकांच्या हातात देऊ नका.